घरच्यांनी लावलेले दार

पहिल्या महायुद्धानंतर बाल्टिक समुद्राच्या काठाने पाच देश नव्याने उभे राहिले. फिनलंड, एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया आणि पोलंड. पाचांनीही संसद, निवडणुका, मोकळी वृत्तपत्रे असा लोकशाहीचा संसार मोठ्या उमेदीने मांडला. १९२६ साली पोलंड आणि लिथुआनियात सैन्याच्या जोरावर सत्ता उलथली. १९३४ च्या मार्चमध्ये एस्टोनियात आणि मेमध्ये लाटव्हियात सरकारच्या प्रमुखांनीच लोकशाही मोडीत काढली. फिनलंड तेवढा उरला.

याचे श्रेय फिनिश माणसाच्या शांत स्वभावाला देण्याची एक रीत पडली आहे. मला ती मुळीच पटत नाही. याच शांत माणसांनी १९१८ मध्ये जानेवारी ते मे एकमेकांचे गळे कापले होते. एका बाजूला कामगार आणि कुळे यांची ‘लाल’ फौज, दुसऱ्या बाजूला जमीनदार शेतकरी आणि मध्यमवर्ग यांची ‘पांढरी’. लढाई, दोन्ही बाजूंनी केलेल्या कत्तली आणि त्यानंतर विजेत्या पांढऱ्यांच्या बंदिछावण्यांतली उपासमार व रोगराई, यांत जेमतेम एकतीस लाखांच्या देशातली ३६ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यानंतरची वीस वर्षे गावोगाव दोन समाज शेजारी राहून वेगळे जगत होते. कामगारांचा क्रीडासंघ निराळा, इतरांचा निराळा. सहकारी दुकानांच्या साखळ्यासुद्धा दोन. कामगारांनी आपल्या सभा-नाटकांसाठी ‘कामगार भवने’ बांधली होती, आणि पांढऱ्यांकडे बंदुका बाळगणारे लाखभर लोकांचे नागरी रक्षक दल होते. हे दल कायदेशीर होते, सरकारमान्य होते, आणि त्यात समाजवादी माणसाला जागा नव्हती.

अशा देशात हुकूमशाही यायला काय लागते? मंदी, एक भीती आणि एक पुढारी. १९२९ च्या अखेरीस तिन्ही हजर झाली.

ओस्ट्रोबोथ्निया हा फिनलंडचा पश्चिम भाग. सपाट शेतांचा, कडव्या धार्मिक शेतकऱ्यांचा आणि १९१८ मध्ये पांढऱ्यांचा बालेकिल्ला. तिथल्या लापुआ नावाच्या गावात नोव्हेंबर १९२९ मध्ये साम्यवादी तरुणांनी मेळावा भरवला. मुले-मुली लाल सदरे घालून आली होती. व्यासपीठावरून देवाधर्मावर टीका झाली असे गावकऱ्यांचे म्हणणे. गावकरी आत घुसले आणि त्यांनी पोरांच्या अंगावरचे सदरे फाडले. पुढे आठवडाभरात त्याच गावात मोठी सभा झाली आणि साम्यवादावर बंदी घालण्याची मागणी दिल्लीदरबारी, म्हणजे त्यांच्या हेलसिंकीला, गेली. चळवळीला गावाचेच नाव पडले. पुढारी झाला विह्तोरी कोसोला. चांगला खाऊन-पिऊन सुखी असलेला शेतकरी, बोलण्यात रांगडा. फिनलंड झारच्या अंमलाखाली असताना लष्करी शिक्षणासाठी जर्मनीला लपूनछपून जाणाऱ्या तरुणांना त्याने आसरा दिला होता आणि त्यासाठी पेट्रोग्राडच्या तुरुंगात दिवस काढले होते. म्हणजे देशभक्तीचा शिक्का त्याच्यावर आधीच बसलेला होता.

शेतकऱ्यांचा राग खोटा नव्हता. लाकडाचे भाव कोसळले होते आणि फिनलंडच्या शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा यायचा तो जंगलातूनच. कर्ज थकले, शेतांचे लिलाव पुकारले जाऊ लागले. साम्यवादी पक्षाची स्थापना १९१८ मध्ये मॉस्कोत झाली होती. देशात त्यावर बंदी होती, पण आडून उभ्या केलेल्या आघाडीने १९२९ च्या निवडणुकीत दोनशेपैकी २३ जागा मिळवल्या होत्या. पलीकडे सोव्हिएत सीमा. भीतीला कारण होते. त्या भीतीचे काय करायचे, एवढाच प्रश्न होता, आणि देशातल्या शहाण्यासुरत्या उजव्या पुढाऱ्यांनी त्याचे चुकीचे उत्तर दिले. त्यांनी ठरवले की या गावकऱ्यांना थोडे मोकळे सोडावे. जे काम आपल्याला संसदेत जमत नाही ते हे रस्त्यावर करून देतील, मग आपण त्यांना घरी पाठवू.

मार्च १९३० मध्ये वासा शहरात साम्यवाद्यांच्या एका वृत्तपत्राचा छापखाना फोडला गेला. फोडणारे आपली नावे सांगत होते. जूनमध्ये त्यांच्यावरचा खटला उभा राहिला, त्या दिवशी वृत्तपत्राच्या बाजूचा वकील, जो खासदारही होता, शहरातून पळवला गेला आणि त्याला मारहाण झाली. तिथून एक पद्धतच पडली. रात्री मोटार यायची, कामगार पुढाऱ्याला, संपादकाला, एखाद्या गावच्या नगरसेवकाला आत कोंबले जायचे. वाटेत मारझोड, मग पूर्वेकडे शेकडो किलोमीटर प्रवास आणि शेवटी सोव्हिएत सीमेवर ढकलून देणे. ‘तुझे राज्य तिकडे, तिकडेच जा’, हा त्यामागचा अर्थ. १९३० च्या त्या एका वर्षात अशी अडीचशेच्या आसपास माणसे उचलली गेली. त्यांत केवळ साम्यवादी नव्हते. हेइनॅवेसी गावच्या परिषदेचे अध्यक्ष ओन्नी हाप्पोनेन हे सोशल डेमोक्रॅट, म्हणजे संसदीय मार्गाने चालणाऱ्या समाजवादी पक्षाचे. त्यांना सप्टेंबरात उचलले आणि ठार केले. त्यांचे प्रेत जंगलात सापडले ते १९३२ साली.

पोलीस बघत होते. ५ जुलै १९३० रोजी प्रत्यक्ष संसदेच्या घटना समितीची बैठक चालू असताना लापुआची माणसे आत शिरली आणि त्यांनी दोन साम्यवादी खासदारांना ओढून नेले. दोनच दिवसांनी बारा हजार शेतकरी हेलसिंकीत संचलन करत आले. सिनेट चौकात राष्ट्राध्यक्ष रेलांदर, नवे पंतप्रधान स्विनहुफवुद आणि १९१८ चे सेनापती मानरहेम त्यांच्या स्वागताला उभे होते. ज्यांनी संसदेत घुसून खासदार पळवले, त्यांच्या पुढाऱ्याचे भाषण राष्ट्राध्यक्षांनी ऐकून घेतले. उरलेले साम्यवादी खासदार अटकेत गेले.

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत लाजिरवाणा वाटतो तो हा चौक. अपहरणकर्त्यांनी काय केले यापेक्षा मोठ्या माणसांनी त्यांना काय करू दिले, हे इतिहासात अधिक जपून वाचावे लागते.

पुढचा टप्पा कायद्याचा. साम्यवाद्यांना निवडणुकीतून बाद करणारे आणि सरकारला आणीबाणीचे अधिकार देणारे कायदे घटनादुरुस्तीच्या तोलाचे होते. ते तातडीने करायचे तर सहापैकी पाच हिस्से खासदार हवेत. ५९ सोशल डेमोक्रॅट खासदारांनी ते रोखले. संसद बरखास्त झाली. ऐन प्रचाराच्या उन्हाळ्यात याच पक्षाचे संसदेचे उपसभापती आणि ताम्पेरे शहराचे महापौर हक्किला यांनाही पळवण्यात आले. ऑक्टोबरात मतदान झाले. नव्या संसदेत दोनतृतीयांश मते पुरणार असल्याने कायदे अडवायला दोनशेपैकी ६७ जागा लागणार होत्या. सोशल डेमोक्रॅटांना ६६ मिळाल्या. एका जागेने कायदे झाले.

निवडणुकीला दोन आठवडे होत नाहीत तोच, १४ ऑक्टोबरला, चळवळीने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. का. यु. स्टोलबेरी हे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. प्रशासकीय कायद्याचे प्राध्यापक, १९१९ च्या राज्यघटनेचे शिल्पकार, साठी ओलांडलेले. ते साम्यवादी तर नव्हतेच, समाजवादीही नव्हते. प्रागतिक पक्षाचे मध्यममार्गी गृहस्थ. पण यादवीनंतर लाल कैद्यांना माफी देण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि लापुआवाल्यांच्या लेखी तेवढे पाप पुरेसे होते. हेलसिंकीजवळच्या कुलोसारी भागात ते पत्नी एस्टर यांच्यासह सकाळच्या फेरफटक्याला निघाले होते. मोटार थांबली, दोघांना आत घातले. दिवसभर गाडी पूर्वेकडे धावत राहिली. योएन्सू गावी पोहोचल्यावर पळवणाऱ्यांचा धीर सुटला आणि त्यांनी या म्हाताऱ्या जोडप्याला तिथेच सोडून दिले. तपासात धागे जाऊन पोहोचले ते थेट सैन्याच्या मुख्यालयात, सरसेनाध्यक्षांच्या खालोखाल असलेल्या जनरल वालेनियुस याच्यापर्यंत. त्याचे पद गेले, खालच्या न्यायालयात तो दोषी ठरला. वरच्या न्यायालयाने त्याला सोडले.

देश हादरला. साम्यवाद्याला सीमेवर सोडले तेव्हा ज्यांनी मान वळवली होती, त्यांना आता कळले की या गाडीत आपल्यालाही जागा आहे. शेतकऱ्यांच्या कृषक पक्षातले अनेक जण इथे बाजूला झाले. त्यातले एक नाव मला विशेष महत्त्वाचे वाटते: ‘इल्का’ या दैनिकाचे संपादक आर्तुरी लेइनोनेन. ते त्याच ओस्ट्रोबोथ्नियाचे, सुरुवातीला त्याच चळवळीत पुढे असलेले. त्यांनी आपल्या वृत्तपत्रातून आपल्याच वाचकांना, आपल्याच मुलखात, कायद्याची बाजू सांगायला सुरुवात केली. हेलसिंकीतल्या प्राध्यापकाने लिहिणे वेगळे. आठवड्याच्या बाजाराला ज्यांच्याशी गाठ पडते त्यांच्या विरोधात लिहिणे वेगळे. गावातल्या माणसाला गावातलाच माणूस ‘हे चूक आहे’ म्हणतो तेव्हा त्याला परका म्हणून उडवून लावता येत नाही.

तरीही धोका टळला नव्हता. फेब्रुवारी १९३१ मध्ये राष्ट्राध्यक्षाची निवड झाली. तीनशे निर्वाचकांच्या तिसऱ्या फेरीत स्विनहुफवुद यांना १५१ आणि स्टोलबेरी यांना १४९ मते पडली. स्टोलबेरी निवडून आले तर देशात काय होईल याची भीती घालून दडपण आणले गेले होते. लापुआला हवा होता तो माणूस राष्ट्राध्यक्ष झाला.

हा माणूस नीट समजून घेतला पाहिजे. पेर एविन्द स्विनहुफवुद तेव्हा सत्तरीला आलेले. तरुणपणापासून न्यायाधीश. झारचे बेकायदा हुकूम मानायला नकार दिल्याबद्दल १९१४ मध्ये त्यांना सैबेरियात धाडले होते. १९१७ मध्ये स्वातंत्र्य जाहीर करणाऱ्या सरकारचे ते प्रमुख. डाव्यांविषयी त्यांच्या मनात तिळभर माया नव्हती. यादवीच्या वेळचा पांढरा पक्ष त्यांनी कधी सोडला नाही. सत्तेवर येण्यात लापुआचा हात होता हेही त्यांना ठाऊक होते. म्हणून चळवळीचा समज असा होता की म्हातारा आपला आहे.

२७ फेब्रुवारी १९३२ रोजी हेलसिंकीच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवरच्या मॅन्त्सॅला गावाजवळ, ओह्कोलाच्या कामगार भवनात सोशल डेमोक्रॅट मिक्को एरिख यांचे व्याख्यान होते. नागरी रक्षक दलाच्या सुमारे चारशे सशस्त्र लोकांनी येऊन भवनाला वेढा घातला, गोळ्या झाडल्या, सभा उधळली. एरवी तिथे गोष्ट संपली असती. या वेळी ते घरी गेले नाहीत. मॅन्त्सॅलात तळ ठोकून त्यांनी मागण्या पाठवल्या: सरकारने जावे, मार्क्सवादाला थारा नको. लापुआच्या नेतृत्वाला वाटले, हीच वेळ. कोसोला आणि आता चळवळीचा सरचिटणीस झालेला वालेनियुस त्यात उतरले, देशभर हाक गेली आणि आणखी काही हजार शस्त्रधारी ठिकठिकाणी जमू लागले. दहा वर्षांपूर्वी मुसोलिनीने रोमवर काढलेल्या मोर्चाचे चित्र सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर होते.

पंतप्रधान सुनिला यांच्या मंत्रिमंडळाने प्रजासत्ताक संरक्षण कायदा बाहेर काढला. साम्यवाद्यांना चिरडण्यासाठी लापुआने ज्यासाठी आटापिटा केला होता, तोच १९३० चा कायदा. त्याच्या आधारे पुढाऱ्यांना पकडण्याचे हुकूम निघाले. सैन्यप्रमुख आर्ने सिह्वो यांनी निःसंदिग्धपणे सांगितले की हुकूम मिळाला तर सैन्य बंड मोडेल. हेलसिंकीकडे येणारे रस्ते अडवले गेले. पण सैन्यात आणि रक्षक दलात एकमेकांचे भाऊ, मेव्हणे, शाळासोबती होते. गोळीबार झाला असता तर १९१८ ची जखम पुन्हा उघडली असती, आणि या वेळी पांढऱ्यांच्या घरातच.

त्याच दिवसांत कामगारांच्या बाजूने जे झाले त्याकडे फारसे कोणी बघत नाही. ज्यांची भवने दोन वर्षे फुटत होती, ज्यांचे पुढारी उचलले गेले होते, त्यांनी शस्त्र उचलले नाही. सोशल डेमोक्रॅट पुढारी वैनो टानर हे सहकारी चळवळीत वाढलेले, अत्यंत कोरड्या स्वभावाचे गृहस्थ. १९२६-२७ मध्ये ते वर्षभर पंतप्रधान होते, आणि आजारी राष्ट्राध्यक्षांच्या जागी उभे राहून त्यांनी १६ मे १९२७ ला, पांढऱ्यांच्या विजयदिनी, रक्षक दलाची मानवंदना स्वीकारली होती. स्वतःच्या लोकांना ते किती झोंबले असेल! पण टानर यांचे गणित पक्के होते. आपल्याला राज्य कायद्याचे हवे असेल तर कायद्याच्या राज्याचे प्रतिनिधी म्हणून आधी आपणच वागले पाहिजे. १९३२ मध्येही पक्षाने कामगारांना रस्त्यावर न येण्याचे आणि बंड मोडण्याचे काम सरकारवर सोपवण्याचे धोरण ठेवले. लाल बावटा घेऊन एक जमाव जरी त्या आठवड्यात मॅन्त्सॅलाकडे निघाला असता, तरी उंबरठ्यावर घुटमळणारे हजारो रक्षक एका रात्रीत बंडखोरांना जाऊन मिळाले असते. या संयमाला मी भित्रेपणा मानत नाही. मार खाऊनही हात न उचलण्यासाठी जी संघटना लागते ती उभी करायला वीस-तीस वर्षे जातात.

२ मार्चच्या संध्याकाळी स्विनहुफवुद रेडिओवर बोलले. भाषण छोटे होते. आयुष्यभर आपण कायद्यासाठी झगडलो, आता कायदा पायदळी तुडवलेला आणि नागरिक एकमेकांवर शस्त्र रोखून उभे असलेले आपण पाहू शकत नाही, असा त्याचा आशय. घरी परत जा, पुढाऱ्यांखेरीज कोणाला शिक्षा होणार नाही, असा शब्द त्यांनी दिला. बोलणारा आवाज ‘आपल्या’ माणसाचा होता. स्टोलबेरी हेच बोलले असते तर मॅन्त्सॅलाच्या तळावर त्यांची खिल्ली उडाली असती. लाखभर रक्षकांपैकी बहुतेक घराबाहेर पडलेच नाहीत. जे पडले होते ते त्या बर्फात दोन-चार दिवस ताटकळून परत फिरू लागले. ६ मार्चला बंड संपले. रक्त सांडले नाही. कोसोला आणि वालेनियुस तुरुंगात गेले, आणि महिना संपायच्या आत लापुआ चळवळीवर बंदी आली. तुर्कूतल्या खटल्यात शिक्षा मात्र सौम्य झाल्या. १९१८ मध्ये लाल कैद्यांना मिळालेला न्याय आठवला की त्या सौम्यपणाचा सल राहतोच.

चळवळ गेली, विचार गेला नाही. जूनमध्ये त्याच माणसांनी ‘देशभक्त जनचळवळ’ नावाचा पक्ष काढला. काळा सदरा, निळा टाय. जुना उजवा पक्ष, म्हणजे राष्ट्रीय आघाडी, १९३३ ची निवडणूक त्यांच्या हातात हात घालून लढली, आणि नव्यांना १४ जागा मिळवून देऊन स्वतः ४२ वरून १८ वर आली. तेव्हा पक्षाची सूत्रे हातात घेतली यु. कु. पासिकिवी यांनी. पेशाने बँकर, मताने कट्टर परंपरावादी. लापुआबद्दल एकेकाळी त्यांनाही सहानुभूती होती. त्यांनी पक्षातल्या काळ्या सदऱ्यांच्या चाहत्यांशी भांडण घेतले आणि युती तोडली. १९३६ मध्ये पक्ष एकटा लढून २० वर गेला, १९३९ मध्ये २५ वर. अतिरेकी उजव्यांशी सोयरीक केली तर मते वाढतात असे मानणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

दरम्यान किविमॅकी यांचे छोटेसे प्रागतिक सरकार डाव्या-उजव्यांच्या मधून वाट काढत चार वर्षे टिकले. त्याने १९३४ मध्ये राजकीय गणवेशांवर बंदी घातली, चिथावणीच्या भाषणांना चाप लावला. शेजारच्या एस्टोनियातल्या फसलेल्या उठावाच्या कटाशी संबंध उघड झाल्यावर देशभक्त पक्षाची ‘निळेकाळे’ ही युवक संघटना १९३६ च्या सुरुवातीला बंद झाली. या सगळ्याला आणखी एका गोष्टीची साथ होती: ब्रिटनला जाणारे लाकूड आणि कागद पुन्हा खपू लागला होता, लिलाव थांबत होते. पोटाला मिळू लागल्यावर कोसोलाच्या सभांची गर्दी आटली. तो स्वतः १९३६ च्या डिसेंबरात वारला.

खरे वळण १९३७ चे. मॅन्त्सॅलाचे बंड शमवणारे स्विनहुफवुद आदल्या वर्षी निवडणूक जिंकलेल्या सोशल डेमोक्रॅटांना मंत्रिमंडळात घ्यायला तयार नव्हते. एका रात्रीच्या धैर्याने माणसाचे सगळे ग्रह पुसले जात नाहीत. मग सोशल डेमोक्रॅटांनी आपली मते कृषक पक्षाच्या क्यॉस्ती काल्लिओ यांच्या पारड्यात टाकली. हे काल्लिओ १९१८ च्या मे महिन्यात, बंदुकांच्या नळ्या अजून गरम असताना, निवालाच्या चर्चमध्ये उभे राहून म्हणाले होते की लाल आणि पांढरे हा भेदच नसलेला देश आपल्याला उभारायचा आहे. ते राष्ट्राध्यक्ष झाले, आणि मार्च १९३७ मध्ये स्वतंत्र फिनलंडमध्ये शेतकरी आणि कामगार यांचे पक्ष पहिल्यांदा एका सरकारात बसले. टानर अर्थमंत्री झाले. वृद्धापकाळ पेन्शनचा कायदा याच काळातला. पुढच्या वर्षी गृहमंत्री उर्हो केक्कोनेन यांनी देशभक्त पक्षावर बंदी घातली, ती न्यायालयाने रद्द ठरवली. पक्ष जुलै १९३९ च्या निवडणुकीत उतरला आणि १४ वरून ८ वर आला.

त्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरला सोव्हिएत फौजांनी फिनलंडवर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी मॉस्कोने सीमेवरच्या तेरियोकी गावात ओटो कूसिनेन या फिनिश साम्यवाद्याचे ‘लोकसरकार’ बसवले आणि फिनलंडच्या कामगारांना मालकांविरुद्ध उठण्याची हाक दिली. ताम्पेरेचे कामगार उठले नाहीत. ते आघाडीवर गेले. जानेवारी १९४० मध्ये कारखानदारांच्या संघटनेने कामगार संघटनांना वाटाघाटीतला दुसरा पक्ष म्हणून प्रथमच मान्यता दिली. आणि फेब्रुवारीत, कारेलियाच्या आघाडीवर लढाई चालू असताना, सोशल डेमोक्रॅट पक्ष आणि नागरी रक्षक दल यांच्यात समझोता झाला: ओह्कोलाच्या भवनावर ज्या दलाच्या लोकांनी गोळ्या झाडल्या होत्या, त्या दलात यापुढे समाजवादी कामगारांना सामील होता येईल.